शिष्यवृत्ती वेळेवर द्या, उशिराचं व्याज आमच्या घरातून जातंय

मा. मुख्यमंत्री, मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, सामाजिक न्याय, इतर मागास बहुजन कल्याण आणि आदिवासी विकास या खात्यांचे मा. मंत्री, या सगळ्या खात्यांचे सचिव साहेब आणि मराठवाड्यातले आमचे सगळे आमदार,

सादर नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. दहा बाय बाराची जागा आहे, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, बोटाचा ठसा घ्यायचं मशीन आणि बाहेर एक बाकडं. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन क्रिमीलेयर, पीक विमा आणि ॲडमिशनं सुरू झाली की महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवरचे स्कॉलरशिपचे फॉर्म, असं माझं वर्ष जातं. हे पोर्टल आलं तेव्हापासून मी फॉर्म भरतोय, किती मुलांचे भरले ते आता मोजत नाही, पण कुणाचे पैसे आले आणि कुणाचे अडकले ते बरंचसं लक्षात राहतं कारण ती मुलं आणि त्यांचे आईवडील रोज या रस्त्यावरनंच जातात.

हे पत्र लिहायला कारण एक मुलगी. आमच्याच भागातली, ओबीसी, वडलांची तीन एकर कोरडवाहू, ती बाहेरगावी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या आठवड्यात केंद्रात आली, गर्दी कमी होईपर्यंत बाकड्यावर बसून राहिली आणि मग हळूच म्हणाली, काका, ॲडमिशन कॅन्सल करायचा अर्ज इथं टाईप करून मिळतो का. मी विचारलं काय झालं. तर कॉलेजनं सांगितलंय की शासनाकडून मागच्या वर्षीचे तुमचे पैसे पूर्ण आलेले नाहीत, तोवर तुम्ही भरा, आले की परत करू, नाहीतर परीक्षेचा फॉर्म घेणार नाही. सप्टेंबर 2025 मध्ये जो पाऊस झाला त्यात त्यांचं सोयाबीन शेतातच सडलं, म्हणजे भरायला काही नाही. मुलीला पहिल्या वर्षाला साडेआठच्या वर सीजीपीए आहे. मी तो अर्ज टाईप करून दिला नाही. तिच्या वडलांना बोलावलं, कॉलेजच्या ऑफिसला फोन लावले, शेवटी परीक्षेच्या फॉर्मपुरती मुदत मिळाली. पण मुदत मिळाली म्हणजे प्रश्न सुटला असं नाही, तो सहा महिने पुढं गेला एवढंच.

आणि माझ्या स्वतःच्या घरातलं सांगतो म्हणजे मी दुसऱ्याच्या दुःखावर बोलतोय असं कुणाला वाटायला नको. माझा भाचा. बहिणीचे मिस्टर लवकर गेले, ती शिवणकाम करते आणि थोडं रान आहे ते बटईनं दिलेलं आहे. भाच्याला कॅप राऊंडमधनं, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतनं, इंजिनिअरिंगला नंबर लागला, शिक्षण शुल्क 92 हजार, राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मं म्हणजे 46 हजार शासन देणार. नियमानं त्याच्याकडनं ॲडमिशनला निम्मीच फी घ्यायला पाहिजे होती. घेतली पूर्ण. बहिणीनं आडत्याकडून 40 हजार उचलले, शेकडा तीननं, म्हणजे महिन्याला 1,200 रुपये व्याज. शासनाचे पैसे दोन हप्त्यांत आले आणि ते कॉलेजकडनं परत मिळेपर्यंत दीड वर्ष गेलं. आता हिशेब तुम्हीच करा साहेब, 18 महिने गुणिले 1,200, 21 हजार 600 रुपये. शासनानं माझ्या भाच्याला 46 हजार दिले आणि त्यातले 21 हजार 600 आडत्याकडं गेले. तुमच्या कागदावर त्याला निम्मी फी माफ झालेली दिसते, आमच्या घरात पाव माफ झाली.

माझं सगळं म्हणणं एवढ्या एका हिशेबात आहे. योजना नाहीत असं मी म्हणत नाही. योजना भरपूर आहेत, आणि त्यातल्या काही खरंच चांगल्या आहेत, पण पैसे उशिरा येतात तेव्हा मधल्या काळातला खर्च तो गरीबच उचलतो ज्याच्यासाठी योजना आहे. सरकारचं देणं असतं आणि कर्ज आमच्या बहिणीच्या नावावर चढतं.

आता एकेक मुद्दा मांडतो, मोठं होईल पण वाचा.

पहिलं म्हणजे वेळेचं. ॲडमिशनचे राऊंड जुलै ऑगस्टमध्ये असतात. शेतकऱ्याच्या घरात वर्षातला सगळ्यात कोरडा काळ तोच, कारण जूनमध्ये बी, खत, पेरणी, मजुरी यात होतं नव्हतं ते सगळं गेलेलं असतं. सोयाबीन येतं ऑक्टोबरला, कापूस दिवाळीच्या पुढं. म्हणजे ज्या महिन्यात घरात रुपया नाही त्याच महिन्यात डीडी काढायचा, हॉस्टेलचं डिपॉझिट भरायचं, गादी बादली घ्यायची आणि एसटीनं पोरगं सोडून यायचं. आणि सोयाबीनचं तरी काय, 2024-25 ला हमीभाव 4,892 होता आणि आमच्या बाजारात माल चार हजाराच्या आसपास आणि कधी त्याच्याही खाली गेला. पन्नास हजाराची फी म्हणजे बारा क्विंटल सोयाबीन, कोरडवाहूत चांगलं पिकलं तरी दोन एकरांचं अख्खं पीक, त्यातून खर्च वजा न करता. शिष्यवृत्तीचं वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी एकदा पेरणीचं वेळापत्रक समोर ठेवून बघावं अशी माझी हात जोडून विनंती आहे.

पोर्टल कधी चालू होणार ते कॅप राऊंडशी जुळलेलं नसतं. मुलगा कॉलेजात जाऊन बसलेला असतो आणि इकडं फॉर्म उघडलेलेच नसतात. मग फॉर्म उघडतात, मुदत संपत येते, मुदत वाढते, परत वाढते, आणि अर्ज कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला पडून राहतो, तिथनं प्राचार्य, तिथनं खात्याचं ऑफिस, तिथनं बिल, तिथनं ट्रेझरी. कुठल्याही टप्प्यावर अर्ज सेंड बॅक, म्हणजे त्रुटी काढून परत, होऊ शकतो आणि सेंड बॅक झालेला अर्ज मुलाला कळतच नाही कारण मेसेज ज्या नंबरवर जातो तो सिम वडलांचा असतो आणि वडील रानात. मी स्वतः आठवड्यातनं एक दिवस माझ्याकडनं भरलेल्या सगळ्या अर्जांचं स्टेटस बघत बसतो, हे माझं काम नाही, त्याचे पैसेही मिळत नाहीत, पण नाही बघितलं तर कुणीच बघत नाही.

आधार सीडिंगचं, म्हणजे आधार बँक खात्याला जोडण्याचं, तर वेगळंच. पैसे डीबीटीनं येतात ते ज्या खात्याला आधार शेवटी मॅप झालंय तिथं जातात. पोरानं मधे कुठंतरी सिम घेताना दुकानदारानं अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातं उघडलेलं असतं, त्याला माहीतच नसतं, आणि शिष्यवृत्ती तिथं जाऊन पडते. घरचे म्हणतात आली नाही, पोर्टल म्हणतं दिली. अशी प्रकरणं माझ्याकडं दर वर्षी येतात. अनुसूचित जातीच्या मुलांना तर मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणाच्या, शिष्यवृत्तीतला केंद्राचा 60 टक्के हिस्सा थेट मुलाच्या खात्यावर येतो आणि त्यानं तो सात दिवसांत कॉलेजला भरायचा असतो. राज्याचा 40 टक्के हिस्सा वेगळ्या वेळेला. कॉलेज मात्र शंभर टक्के एकाच तारखेला मागतं. एकोणीस वर्षाचं पोरगं, खात्यावर अचानक मोठी रक्कम, घरात आजारपण चालू आणि वर सात दिवसांची मुदत, ही परिस्थिती ज्यांनी डोळ्यानं बघितलीय त्यांनाच कळेल ती किती अवघड असते.

दुसरं, मुलींच्या मोफत शिक्षणाचं. जुलै 2024 मध्ये तुम्ही शासन निर्णय काढला की ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखाच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. हा निर्णय चांगला आहे, मनापासून सांगतो. त्या वर्षी माझ्या केंद्रात अशा मुली आल्या ज्यांच्या घरी बारावीनंतर लग्नाचंच बोलणं चालू होतं आणि या निर्णयामुळं ते थांबलं. एका वडलांनी तर पेपरातलं कात्रण घडी करून खिशात आणलं होतं, मला दाखवायला.

पण मोफत हा शब्द ऐकून जे घर मुलीला पाठवतं त्या घराला कॉलेजच्या काउंटरवर गेल्यावर कळतं की शिक्षण शुल्क म्हणजे पूर्ण फी नव्हे. डेव्हलपमेंट फी वेगळी, ती भरायचीच. लायब्ररी डिपॉझिट, युनिफॉर्म, प्लेसमेंट ट्रेनिंगच्या नावाखाली काहीतरी, कॉलेज बस, आणि हॉस्टेल मेस तर वेगळीच गोष्ट. वडील कात्रण दाखवतात, क्लार्क म्हणतो हे यात बसत नाही, आणि खरंच बसत नाही, नियमानं तो बरोबर असतो. आणि काही ठिकाणी तर शिक्षण शुल्कही आधी घेतात. पात्र मुलींकडून ॲडमिशनला फी घेऊ नका अशा सूचना शासनानं दिलेल्या आहेत, त्या सूचना मी प्रिंट काढून मुलींच्या हातात देतो. पण जी मुलगी पहिल्यांदा जिल्ह्याबाहेर गेलीय ती चार वर्ष जिथं काढायची त्या कॉलेजच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी शासन निर्णय दाखवून भांडणार नाही. तिच्या जागी मी असतो तरी भांडलो नसतो. नियम पाळला जातोय का हे बघायची जबाबदारी तिच्यावर टाकू नका.

तिसरा मुद्दा उत्पन्नाच्या मर्यादेचा आणि तो मला फार टोचतो. अनुसूचित जातीच्या मुलांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. ही मर्यादा 2013 पासून तेवढीच आहे. 2013 मध्ये दहावीला असलेली मुलं आता स्वतः मुलाबाळांची झाली. तेलाचा डबा, एसटीचं तिकीट, मेसचं ताट, सगळ्याचे भाव कुठल्या कुठं गेले आणि अडीच लाख आहेत तिथंच. नवरा बायको दोघं कामाला जातात, एक 12 हजारावर आणि एक 10 हजारावर, तर वर्षाचे झाले 2 लाख 64 हजार. गेले ते बाहेर. दोघांनी मिळून 22 हजारात घर चालवायचं, भाडं भरायचं आणि शासनाच्या लेखी ते गरीब नाहीत. शिक्षण शुल्क त्यांना फ्रीशिप म्हणजे फी माफीच्या योजनेतनं मिळतं हे मला माहीत आहे, मीच ते फॉर्म भरतो, पण निर्वाह भत्ता जातो आणि बाहेरगावी राहण्याजेवणाचे पैसे देणारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनाही जाते कारण तिलाही अडीच लाखाचीच अट. दुसरीकडं ईबीसीच्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांच्या, योजनेला आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याला 8 लाख आहे. ती 8 लाख कमी करा असं मी अजिबात म्हणत नाही, माझा भाचा त्यातलाच आहे. मी म्हणतो दोघं एकाच बाकावर बसतात, एकाच मेसमध्ये जेवतात, तर एकाला 8 लाखापर्यंत गरीब धरायचं आणि दुसऱ्याला अडीच लाखाच्या वर गेला की नाही धरायचं, हे कुठल्या न्यायानं? मॅट्रिकोत्तरची मर्यादा केंद्राच्या हातात आहे, बरोबर, पण स्वाधार तर आपल्या राज्याची आहे, ती वाढवायला दिल्लीला विचारायची गरज नाही.

आणि भत्त्याचे आकडे पण बघा एकदा. मॅट्रिकोत्तरमध्ये सगळ्यात वरच्या गटातल्या, म्हणजे इंजिनिअरिंग मेडिकलवाल्या, हॉस्टेलला राहणाऱ्या मुलाला वर्षाला 13,500. महिन्याला पडतात 1,125. सगळ्यात खालच्या गटातला मुलगा घरून येऊन जाऊन करत असेल तर वर्षाला 2,500, महिन्याला दोनशे आठ रुपये. दोनशे आठ रुपयात खेड्यातनं तालुक्याला यायचं महिन्याचं एसटीचं भाडंसुद्धा निघत नाही. स्वाधारची रक्कम त्या मानानं बरी आहे, मुंबई पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60 हजार, ती वेळेवर आली तर मुलगा खरंच निभावतो. पण घरमालक आणि मेसवाला दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे मागतात, त्यांना स्वाधार मंजूर आहे असं सांगून चालत नाही. पुण्यात शिकणारी आमच्याकडची मुलं रात्री डिलिव्हरीची कामं करतात, लायब्ररीत झोपतात, एक डबा दोघांत खातात. मग हजेरी कमी पडते, आणि हजेरी कमी पडली की पुढची शिष्यवृत्तीच बंद होते. म्हणजे पैसे वेळेवर दिले नाहीत म्हणून कामाला गेला आणि कामाला गेला म्हणून पैसे बंद.

ज्यांच्या नावानं या योजना आहेत त्यांनी काय केलं होतं ते आठवा साहेब. शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, 1908 ला अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल. खेड्यातनं आलेल्या पोराला आधी डोक्यावर छप्पर आणि पोटाला भाकरी लागते, फीचं नंतर, हे त्यांना सव्वाशे वर्षांपूर्वी कळत होतं. कर्मवीर भाऊरावांनी पण शाळेच्या आधी बोर्डिंगकडं बघितलं. पंजाबराव देशमुख पुढं देशाचे कृषिमंत्री झाले, त्यांनीही अमरावतीला वसतिगृह चालवलं. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना ईबीसी सवलत आली, वर्षाला बाराशे रुपयाच्या आत उत्पन्न असेल त्या घरच्या पोरांची फी माफ. माझे वडील त्या सवलतीवर मॅट्रिक झाले, आमच्या घरातले पहिले. ते अजून सांगतात की दाखला मास्तरांच्या हातात दिला आणि वर्गात जाऊन बसलो, त्यांना कुणी आधी भरा मग परत देऊ म्हणलं नाही. मला हेच आठवत राहतं. कॉम्प्युटर नव्हते, आधार नव्हतं, आणि तरी सवलत पोराच्या आधी शाळेत पोचलेली असायची.

आता कॉलेजवाल्यांबद्दल. सगळा दोष मी त्यांच्यावर टाकणार नाही. 1983 मध्ये वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं काढायला परवानगी दिली तेव्हापासून जागा वाढल्या त्या मुख्यतः खाजगीच वाढल्या, सरकारी कॉलेजं मोजकीच राहिली. म्हणजे आमच्या पोरांना जिथं नंबर लागतो ती कॉलेजं फीवरच चालतात, शासनाची रक्कम थकली की तिथल्या प्राध्यापकांचे पगार थकतात, संस्थाचालकांच्या संघटना थकबाकीबद्दल दर वर्षी बोलतातच. पण याचा राग मुलावर का? भाच्याच्या शेवटच्या वर्षी काय झालं ते सांगतो. कंपनीत सिलेक्शन झालं, जॉईनिंगची तारीख आली, आणि कॉलेज म्हणालं शेवटच्या वर्षाची शिष्यवृत्ती यायचीय, बाकी भरा मग टीसी आणि मार्कशीट न्या. बहिणीनं गोठ्यातली गाय विकली. दुभती होती, दोन वेळचं दूध डेअरीला जायचं, त्यावर घरचा बाजार चालायचा. सहा महिन्यांनी शासनाचे पैसे कॉलेजला आले आणि ते परत मिळवायला त्यानं पुण्यातनं तीन वेळा रजा टाकून चकरा मारल्या. मुलांची मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायची नाहीत असं यूजीसीनं 2018 मध्येच बजावलेलं आहे. कागदावर आहे. पण तक्रार कुणाकडं करायची, ती केल्यावर किती दिवसांत कागद मिळणार, याचं उत्तर मला इतक्या वर्षांत कुठल्या ऑफिसात मिळालेलं नाही.

पैशाचं म्हणाल तर, तिजोरीवर ताण आहे हे आम्हालाही कळतं. माझ्या घरी लाडक्या बहिणीचे 1,500 येतात, त्याचा उपयोग होतो, मी त्या योजनेच्या विरोधात नाही. पण 2025 च्या मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी 30 लाख तिकडं वळवले आणि त्या खात्याच्या मंत्र्यांनीच उघड नाराजी बोलून दाखवली, हे आम्ही बातम्यांत बघितलं. आईच्या खात्यात पंधराशे टाकायला तिच्याच लेकराच्या शिक्षणाच्या खात्याचा निधी घेऊ नका. आईला विचारलं तर तीसुद्धा हेच सांगेल. आणि जी रक्कम दर महिन्याला करोडो बायकांच्या खात्यात जाऊ शकते ती यंत्रणा तुमच्याकडं आहेच, तीच शिष्यवृत्तीला लावा. तमिळनाडूत सरकारी शाळेत शिकून कॉलेजला गेलेल्या मुलींना 2022 पासून दर महिन्याला 1,000 रुपये मिळतात, आणि 2021 पासून सरकारी शाळेच्या मुलांना व्यावसायिक कोर्सला साडेसात टक्के जागा ठेवल्यात, त्यांची फी आणि हॉस्टेलचा खर्च सरकारच भरतं. तिथं होतं तर इथंही होईल. आपल्या झेडपीच्या शाळांत शिकलेली पोरं कमी हुशार नाहीत.

आणखी एक गोष्ट, छोटी वाटेल. तीन मित्र एकाच वर्गातले, एक एससी, एक ओबीसी, एक ईबीसी, तिघांचे अर्ज माझ्याकडं एकाच दिवशी भरतो, आणि तिघांची खाती वेगळी, साहेब वेगळे, मंजुरीची पद्धत वेगळी, पैसे यायचा महिना वेगळा. एकाचे आले की दुसरा विचारतो माझे का नाही आले आणि मग जातीवरनं बोलणं सुरू होतं, त्यांना तर सगळं फुकट मिळतं वगैरे, जे खरं नाही. माझ्या बाकड्यावर मी हे ऐकलंय. वेळेवर पैसे देण्यात तुम्ही कमी पडता आणि भांडण पोरांत लागतं. हे थांबवणं तुमच्या हातात आहे.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

ॲडमिशनच्या दिवशी पात्र मुलाकडून शिष्यवृत्तीतला एक रुपयाही घ्यायचा नाही. घेतला तर त्याच दिवशी तक्रार नोंदवता आली पाहिजे, तिला नंबर मिळाला पाहिजे, आणि पंधरा दिवसांत पैसे परत करायला लावले पाहिजेत, मुलाचं नाव कॉलेजला न सांगता.

पोर्टल कॅप राऊंडच्या पहिल्या दिवशी चालू करा. जुन्या मुलांचं रिन्यूअल आपोआप व्हावं, निकाल विद्यापीठाकडं आहे, कॅपचा डेटा तुमच्याकडं आहे, दाखले डिजिटल आहेत, मग दर वर्षी तीच कागदं परत का मागता?

पहिला हप्ता दिवाळीच्या आधी, दुसरा 31 मार्चच्या आत. शेवटच्या वर्षाच्या मुलांची रक्कम निकालाच्या आधी. उशीर झाला तर त्या दिवसापासून शासनानं मुलाला व्याज द्यावं. माझी ही मागणी कुणाला जास्त वाटेल, पण ते व्याज माझ्या बहिणीनं भरलंय, म्हणजे व्याज लागतंच, फक्त कुणी भरायचं एवढाच प्रश्न आहे.

शिष्यवृत्तीची मंजुरी लोकसेवा हक्क कायद्यात आणा. 2015 चा हा कायदा आहे म्हणून माझ्या केंद्रातनं केलेला उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज ठरलेल्या दिवसांत निकाली निघतो, नाही निघाला तर अपील करता येतं आणि अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. दाखल्याला मुदत आहे, आणि ज्या शिष्यवृत्तीसाठी तो दाखला काढला तिला मुदत नाही, हे बरोबर नाही.

स्वाधारची मर्यादा अडीच लाखावरून 8 लाख करा, आणि मॅट्रिकोत्तरची वाढवायला केंद्राकडं राज्यानं लेखी आग्रह धरावा, त्याची प्रत लोकांसमोर ठेवावी. मर्यादा आणि भत्ता दोन्ही दर वर्षी महागाईप्रमाणे वाढावेत म्हणजे परत तेरा वर्ष वाट बघावी लागणार नाही.

मुलींच्या फी माफीत डेव्हलपमेंट फी धरा. आणि कॉलेजला जी काही रक्कम घ्यायची असेल ती ॲडमिशनच्या आधी वेबसाईटवर मराठीत एका पानावर लिहिलेली पाहिजे, त्याच्या बाहेर काही घेता येणार नाही.

टीसी, मार्कशीट, मूळ कागद शिष्यवृत्तीच्या कारणानं अडवले तर आठ दिवसांत सोडवून देणारा एक अधिकारी प्रत्येक जिल्ह्यात नेमा, नाव आणि फोन नंबर जाहीर करून.

आणि दर महिन्याला जाहीर करा की कुठल्या खात्याची, कुठल्या जिल्ह्याची, कुठल्या वर्षाची किती शिष्यवृत्ती द्यायची राहिलीय. विधानसभेत प्रश्न विचारल्यावर उत्तर म्हणून नको, पोर्टलच्या पहिल्या पानावर.

आमदार साहेबांना वेगळी विनंती. तुम्ही लग्नाला, दहाव्याला, उद्घाटनाला आमच्याकडं येता, आम्हाला बरं वाटतं. येत्या जुलैत एक दिवस माझ्या केंद्रात येऊन बाकड्यावर बसा, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. कॅमेरा नको, कार्यकर्ते नकोत. फॉर्म भरायला आलेल्या आईवडलांशी बोला आणि ॲडमिशनला किती भरले, कुठून आणले, एवढं विचारा.

माझ्याकडनं भरलेल्या आणि अजून पैसे न आलेल्या अर्जांची यादी मी काढून ठेवलीय, अर्ज क्रमांक, योजना, वर्ष आणि कुठल्या टेबलावर अडकलाय ते सगळं, मुलांची नावं सोडून. ज्या खात्याला हवी असेल त्यांनी माणूस पाठवावा, मी रविवारीही केंद्र उघडून देईन.

आपला,
एक सेवा केंद्र चालक आणि एका विद्यार्थ्याचा मामा
जि. परभणी